परमुलखाची मिळकत

१. प्रस्तावना

पोटापाण्यासाठी गाव सोडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला, मराठवाड्यातला ऊसतोड कामगार दर हंगामात कोयता घेऊन घराबाहेर पडला, बिहारमधला शेतमजूर पंजाबात पोहोचला. गेल्या पन्नास वर्षांत ही वाट समुद्रापार गेली. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहारीन या सहा आखाती देशांत आज सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. त्यांत डॉक्टर आणि अभियंते आहेत, तसेच गवंडी, सुतार, वाहनचालक, परिचारिका आणि घरकामगारही आहेत.

प्रस्तुत पाठ हा वैचारिक लेख आहे. लेखकाने दुबईत बांधकाम क्षेत्रात हिशेबनीस म्हणून पंचवीसहून अधिक वर्षे काम केले आहे. कामगारांचे पगारपत्रक तयार करणे हे त्याचे नित्याचे काम. त्या कागदांवरील आकड्यांमागे त्याला जो समाज दिसला, त्याविषयीचे विचार त्याने येथे मांडले आहेत.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• आखाती देशांतील स्थलांतराची ऐतिहासिक व आर्थिक कारणे सांगता येतील;
• ‘कफाला’ पद्धतीचे स्वरूप व तिच्यातील बदल स्पष्ट करता येतील;
• परदेशी नोकरीचा जमाखर्च पारखून मत मांडता येईल;
• वैचारिक लेखाची वैशिष्ट्ये ओळखता येतील;
• अरबी भाषेतून मराठीत आलेल्या काही शब्दांचा परिचय होईल.

३. मूळ पाठ

(अ)

आखाताशी आपला संबंध तेलापासून सुरू झाला, असा एक समज आहे. वस्तुतः तो फार जुना आहे. अरबांची गलबते मोत्ये, खजूर आणि घोडे घेऊन पश्चिम किनाऱ्यावर येत आणि तांदूळ, कापड, मसाले व सागवान घेऊन परत जात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आखातातील अनेक बाजारपेठांत भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १९६१ साली आपले स्वतंत्र चलन सुरू केले. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतार आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीतील राज्यांनीही रुपया सोडला.

तेल बहारीनमध्ये १९३२ साली, तर कुवेत व सौदी अरेबियात १९३८ साली सापडले. परंतु आखाताचा कायापालट झाला तो १९७३ नंतर. त्या वर्षी तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या. पैसा आला, पण रस्ते, बंदरे, रुग्णालये आणि शाळा उभारायला हात नव्हते. स्थानिक लोकसंख्या अल्प होती. ते हात केरळातून, आंध्रातून, कोकण-गोव्यातून, तसेच पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका आणि फिलिपिन्समधून आले. आज संयुक्त अरब अमिरातीत आणि कतारमध्ये दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ नऊ जण परदेशी आहेत. पाहुणेच बहुसंख्य आणि यजमान अल्पसंख्य, अशी समाजरचना जगात क्वचितच आढळेल.

या रचनेमागील यजमानांची भीती समजून घेतली पाहिजे. आपल्याच देशात आपली भाषा, रीतिरिवाज आणि सत्ता आपल्या हातून निसटेल, असे त्यांना वाटते. म्हणून त्यांनी परदेशी माणसाला काम दिले, वेतन दिले, पण कायमचे घर दिले नाही. तेथे कितीही वर्षे राहिले, तरी केवळ वास्तव्याच्या आधारावर नागरिकत्व मिळत नाही. तेथे जन्मलेले आमचे मूलही परदेशीच असते. काही देशांनी अलीकडे दीर्घ मुदतीचे परवाने सुरू केले. अमिरातीचा ‘गोल्डन व्हिसा’ २०१९ साली आला. तो गुंतवणूकदार, तज्ज्ञ आणि गुणवंत यांच्यासाठी आहे. इमारतीच्या चाळिसाव्या मजल्यावर विटा चढवणाऱ्यासाठी नाही.

(आ)

आखातातील कामगाराचे जीवन समजण्यासाठी ‘कफील’ हा शब्द समजला पाहिजे. कफील म्हणजे जामीन राहणारा. परदेशी माणसाला देशात आणणारा मालक त्याचा कफील होतो, आणि या व्यवस्थेला ‘कफाला’, म्हणजे जामीनकी, असे म्हणतात. वरवर पाहता यात गैर काही नाही. अडचण अशी की, येथे कामगाराची नोकरी आणि त्याचा राहण्याचा परवाना एकाच गाठीत बांधलेले असतात. नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारही जातो. मालक बदलायचा तर आधीच्या मालकाची संमती, आणि काही देशांत मायदेशी परतायचे तरी त्याचीच संमती, असा नियम अनेक वर्षे होता. पारपत्र मालकाने स्वतःजवळ ठेवणे कायद्याला मान्य नसतानाही ते सर्रास चाले. ज्याच्या हाती पगार, निवारा आणि परतीची वाट असे तिन्ही असते, त्याच्याशी वाद कोण घालणार?

या व्यवस्थेत बदल झाले आहेत, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. अमिरातीने २००९ साली वेतन बँकेमार्फत देण्याची सक्ती केली. पगार थकला तर सरकारला कळू लागले. त्यापूर्वी तीन-तीन महिने रखडलेली पगारपत्रके मी पाहिली आहेत. नंतर त्यांचे प्रमाण घटताना पाहिले. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास तेथे मनाई आहे. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीची अट काढली आणि २०२१पासून दरमहा किमान १,००० रियाल मूळ वेतन लागू केले. सौदी अरेबियानेही मार्च २०२१मध्ये नियम सैल केले. मात्र घरकामगार, खाजगी वाहनचालक आणि शेतमजूर यांना त्या सुधारणेतून वगळले. चार भिंतींच्या आत राबणाऱ्या स्त्रीचा आवाज बाहेर पोहोचणे सर्वांत कठीण, आणि कायद्याचे संरक्षण तिच्यापर्यंतच सर्वांत उशिरा पोहोचते.

कायदा आणि त्याचा अंमल यांत अंतर आहे. सौदी अरेबिया व अमिरातीत कामगार संघटना स्थापण्यास परवानगी नाही. त्यामुळे तक्रार एकट्याने करावी लागते. निवासाची स्थितीही सर्वत्र समाधानकारक नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला पहाटे आग लागली आणि त्यात ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांची सुरक्षितता हा नशिबाचा नव्हे, व्यवस्थेचा प्रश्न आहे.

परंतु सगळा दोष परक्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. कामगाराच्या गळ्यातील पहिला फास बहुधा त्याच्या स्वतःच्या गावात आवळलेला असतो. तो आवळतो अनधिकृत दलाल. आपल्या नियमांनुसार नोंदणीकृत भरती प्रतिनिधीला घेता येणारे सेवाशुल्क कमाल ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकेच आहे. प्रत्यक्षात अनेकांकडून त्याच्या कितीतरी पट रक्कम उकळली जाते. गावात सांगितलेले काम वेगळे, विमानतळावर उतरल्यावर पुढे येणारा करार वेगळा. करार अरबी आणि इंग्रजीत असतो. तो न वाचता सही केलेली माणसे मी शेकड्यांनी पाहिली. कायद्यापुढे त्यांच्या सहीला पूर्ण किंमत होती, आणि दलालाच्या तोंडी आश्वासनाला काहीच नव्हती.

पाठगत प्रश्न – १
(१) १९६६ साली आखातातील काही राज्यांनी रुपया का सोडला?
(२) ‘कफील’ या शब्दाचा अर्थ लिहा.
(३) कोणत्या कामगारांना सौदी अरेबियाच्या २०२१च्या सुधारणेतून वगळले गेले?

(इ)

आता पैशाचा हिशोब पाहू. समजा, एका गवंड्याला दरमहा १,२०० दिरहम मिळतात. जेवण, फोन व किरकोळ खर्च ४०० दिरहम वजा जाता ८०० उरतात. एका दिरहमला २२ रुपये असा भाव धरला, तर घरी १७,६०० रुपये पोहोचतात. त्यांतले १०,००० घरखर्चाला गेले आणि ७,६०० कर्जफेडीला राहिले. येताना त्याने १,२०,००० रुपये दरमहा शेकडा ३ टक्के व्याजाने काढले असतील, तर पहिल्या महिन्यात ३,६०० रुपये नुसत्या व्याजातच जातील. हे कर्ज फिटायला जवळजवळ बावीस महिने लागतात. करार असतो बहुधा दोन वर्षांचा. म्हणजे पहिल्या कराराची शिल्लक जेमतेम दोन महिन्यांची! तोवर आजारपण आले, पगार अडकला किंवा काम सुटले, तर माणूस गेला होता त्याहून गरीब होऊन परततो.

दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. दिरहमचा दर अमेरिकी डॉलरशी पक्का बांधलेला आहे. रुपया घसरला की तेवढ्याच दिरहमांचे अधिक रुपये होतात आणि घरच्यांना पगार वाढल्यासारखे वाटते. २००० सालच्या सुमारास १,००० दिरहमांचे साधारण १२,००० रुपये होत. २०२४ साली २२,०००हून अधिक होत होते. परंतु याच काळात आपल्याकडील धान्य, औषधे, शिक्षण आणि बांधकाम यांचे भाव दुपटीहून पुष्कळ अधिक वाढले. दिरहममधील मजुरी मात्र फारशी हलली नाही. आकडा वाढला, पण त्या आकड्याची खरेदीची ताकद कमी झाली. केवळ चलनाचा भाव पाहून परदेशी नोकरीचा मोह धरणाऱ्याने हा फरक ध्यानात घ्यावा.

तरीही या पैशाने घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, भावंडे शिकली, हेही खरे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, मंडणगड या भागांतील कित्येक कौलारू घरांवर स्लॅब पडला, तो आखातातल्या कमाईतून. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत २०१६-१७ साली निम्म्याहून अधिक वाटा आखाती देशांचा होता. २०२३-२४पर्यंत तो सुमारे ३८ टक्क्यांवर आला, आणि अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा ठरला. आखाताचा काळ उताराला लागला असे इतक्यात म्हणता येणार नाही. मात्र केवळ शारीरिक श्रमावर मिळणारी कमाई आक्रसते आहे, एवढे स्पष्ट दिसते.

या कमाईला स्थैर्य नाही. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणावे लागले. अनेकांची आयुष्यभराची बचत तिथल्या बँकांतच राहिली. २००८च्या जागतिक मंदीत दुबईतील बांधकामे एकाएकी थांबली. २०११ साली सौदी सरकारने खाजगी आस्थापनांत स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे ‘निताकत’ धोरण आणले. जुलै २०१७पासून त्याच देशाने परदेशी कर्मचाऱ्याच्या प्रत्येक अवलंबितावर दरमहा १०० रियाल शुल्क बसवले व ते २०२०पर्यंत ४०० रियालपर्यंत वाढवत नेले. परिणामी अनेकांनी बायकामुलांना मायदेशी धाडले. २०२०च्या साथीत तर हजारो लोक काम गमावून विमानांची वाट पाहत बसले. पंचवीस वर्षांत मी शिकलो तो धडा असा की, परमुलखातल्या मिळकतीला कायमची मिळकत मानू नये.

(ई)

काही हिशोब पगारपत्रकात मांडता येत नाहीत. अल्प वेतनाच्या कामगाराला कुटुंब सोबत नेता येत नाही. तो दोन वर्षांनी महिना-दोन महिन्यांसाठी घरी येतो. मुलगा पहिलीत असताना गेलेला बाप मुलगा दहावीला बसेपर्यंत त्याला चार-पाच वेळा भेटलेला असतो. गावात मागे राहिलेली स्त्री शेत, सासू-सासरे, बँक, शाळा आणि दवाखाना हे सारे एकटीने सांभाळते. पूर्वी जी पत्र वाचून घ्यायला शेजाऱ्याकडे जाई, ती आता स्वतः बँकेचे व्यवहार करते. या स्थलांतराने घरातील सत्तेची मांडणी बदलली आहे. पण तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही परकीय गंगाजळीत होत नाही.

आमच्यासारख्या कुटुंबासह राहणाऱ्यांचे दुःख वेगळ्या जातीचे. येथे रस्ते सुरक्षित आहेत, स्त्रिया रात्री निर्धास्तपणे फिरू शकतात, नाना देशांची माणसे एकाच कचेरीत गुण्यागोविंदाने काम करतात. महाराष्ट्र मंडळांत गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो. परंतु निवृत्तीबरोबर परवानाही संपत आला. परदेशी माणसाला येथे सरकारी निवृत्तिवेतन नाही. अमिरातीतील जुन्या नियमानुसार पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन, एवढी रक्कम नोकरी सोडताना मिळते. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावात साठीचा माणूस परततो, तेव्हा गावही बदललेले असते आणि तोही.

मी जाऊ नका असे सांगणार नाही. ज्याच्या घरची चूल विझत आली आहे, त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझे सांगणे एवढेच की, जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून जावे. भरती प्रतिनिधी नोंदणीकृत आहे की नाही, हे तपासावे. करार समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा व त्याची प्रत घरी ठेवावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाताच्या सहाही देशांत नोकरीला जाताना सरकारची उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागते. ती अडवणूक नसून संरक्षण आहे. या मंजुरीसोबतच्या प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ‘भेटीच्या व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो’ असे म्हणणारा दलाल हे सारे कवच आधीच काढून घेत असतो.

आणि शक्य असेल त्याने जाण्यापूर्वी शिकून घ्यावे. एकाच इमारतीवर राबणाऱ्या दोन माणसांच्या पगारपत्रकांत दुप्पट-तिप्पट फरक मी वर्षानुवर्षे लिहीत आलो. एकाला नकाशा वाचता येत होता, विजेच्या कामाचे प्रमाणपत्र होते, चार वाक्ये इंग्रजीत बोलता येत होती. दुसऱ्याला येत नव्हती. घाम दोघांचा सारखाच गळत होता.

पाठगत प्रश्न – २
(१) रुपया घसरल्यावर कामगाराच्या घरच्यांना कोणता भास होतो?
(२) मागे राहिलेल्या स्त्रीच्या जीवनात कोणता बदल झाला?
(३) नोकरी सोडताना मिळणारी रक्कम कशावर अवलंबून असते?

४. विवेचन

या लेखाचे बलस्थान त्याच्या समतोल दृष्टीत आहे. लेखक यजमान देशांच्या अन्यायकारक नियमांवर बोट ठेवतो, परंतु त्यांनी केलेल्या सुधारणाही वर्षांसह नोंदवतो. दोषाचा वाटा आपल्या गावातील दलालाकडेही आहे, हे तो लपवत नाही. हिशेबनीस असल्यामुळे त्याचा युक्तिवाद आकड्यांतून पुढे सरकतो. गवंड्याच्या कमाईचे उदाहरण पुन्हा वाचा. व्याजाचा दर कमी असता किंवा कर्जच नसते, तर शिल्लक किती झाली असती, याचा हिशोब स्वतः मांडून पाहा. ‘परदेशी नोकरी चांगली की वाईट’ या प्रश्नाचे उत्तर किती गोष्टींवर अवलंबून असते, ते तुमच्या ध्यानात येईल.

चौथ्या भागात लेखाचा सूर बदलतो. तेथे आकडे कमी होतात आणि माणसे पुढे येतात. शेवटी घामाचा उल्लेख येतो. श्रम समान असूनही मोबदला असमान का, हा प्रश्न लेखक वाचकावर सोपवतो. शिक्षण हे त्याचे एक उत्तर आहे. पण शिक्षण न मिळालेल्या माणसाच्या घामाला योग्य दाम मिळू नये काय, असा प्रतिप्रश्नही तुम्हांला विचारता येईल.

५. शब्दार्थ

अवमूल्यन – चलनाची किंमत कमी करणे. पारपत्र – पासपोर्ट. अवलंबित – उपजीविकेसाठी दुसऱ्यावर विसंबून असलेली व्यक्ती. आस्थापना – व्यवसाय संस्था. उत्प्रवासन – नोकरीसाठी देशाबाहेर जाणे. परकीय गंगाजळी – देशाजवळील परकी चलनाचा साठा. आक्रसणे – आकुंचन पावणे.

६. भाषाभ्यास

करार, तारीख, मुदत, रक्कम, हिशोब, कायदा, हक्क, जामीन हे शब्द मुळात अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावले. ‘पगार’ हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आला.

(अ) वरीलपैकी कोणतेही चार शब्द वापरून नोकरीच्या अटींविषयी प्रत्येकी एक वाक्य लिहा.
(आ) पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : माथी मारणे, बोट ठेवणे, चूल विझणे, कायापालट होणे.

७. स्वाध्याय

(१) आखाती देशांत परदेशी कामगारांची गरज का निर्माण झाली, ते सविस्तर लिहा.
(२) ‘कामगाराच्या गळ्यातील पहिला फास त्याच्या स्वतःच्या गावात आवळलेला असतो’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
(३) आखातातील मिळकत अस्थिर का आहे? लेखातील तीन घटनांच्या आधारे उत्तर द्या.
(४) तुमचा भाऊ वा बहीण परदेशी नोकरीस जाण्याच्या तयारीत आहे, अशी कल्पना करून त्यास किंवा तिला कोणती खबरदारी घ्यावी हे सांगणारे पत्र लिहा.
(५) तुमच्या परिसरातून कामासाठी बाहेर गेलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला व त्यांचा अनुभव दहा-बारा ओळींत नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (१) रुपयाचे अवमूल्यन झाल्यामुळे. (२) जामीन राहणारा. (३) घरकामगार, खाजगी वाहनचालक व शेतमजूर.
२. (१) पगार वाढल्याचा. (२) शेती, कुटुंब व बँकेचे व्यवहार ती स्वतः सांभाळू लागली. घरातील सत्तेची मांडणी बदलली. (३) मूळ वेतन व नोकरीची वर्षे यांवर.